वय गुणिले खर्च

अमेरिकेत घर घ्यायला निघालेला मराठी माणूस घरात काय काय बघतो? स्वयंपाकघर किती मोठं आहे, फोडणीचा वास वरच्या बेडरूमपर्यंत पोचेल का, देवघर कुठे मांडता येईल, शाळा कुठली, महाराष्ट्र मंडळाच्या हॉलपासून गाडीने किती मिनिटं. बेसमेंटमध्ये उतरतो तोही गणपतीच्या आरतीला तिथे किती माणसं मावतील याचा अंदाज घ्यायला. तिथे एका कोपऱ्यात घर तापवणारा, छातीइतक्या उंचीचा राखाडी पत्र्याचा डबा उभा असतो. त्याच्याकडे बघून ‘ही फर्नेस का? बरं,’ एवढं म्हणून तो वर येतो आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याचा दगड पुन्हा एकदा हाताने चाचपतो.

घराची तपासणी करणारा इन्स्पेक्टर मात्र त्या डब्यापाशी थांबतो. टॉर्च मारतो, लेबलावरचा सिरियल नंबर वाचतो, आणि त्यात दडलेलं जन्मसाल शोधून काढतो. काही कंपन्या पहिल्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष सांगतात, काही कंपन्या अक्षरांच्या आड लपवतात. मग तो अहवालात लिहितो : ‘चालू स्थितीत. अपेक्षित आयुष्याच्या अखेरीस पोचलेली. बदलण्यासाठी आर्थिक तरतूद ठेवावी.’ इथल्या जुन्या घरांच्या अहवालांत हे वाक्य हमखास सापडतं. आमच्या अहवालातही सापडलं. बायकोने ते वाचलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि पान उलटलं.

तरतूद अर्थातच कोणी ठेवत नाही. फर्नेस चालू असताना तिच्यासाठी पैसे बाजूला काढणं हे आपल्याकडे अभद्र बोलण्यातच जमा होतं.

आम्ही राहतो शिकागोच्या एका उपनगरात. पुण्यात पारा आठ अंशांवर आला की ‘पुणे गारठले’ असा मथळा येतो, आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठलं की त्याचा फोटो छापतात. शिकागोत दव बघायला कोणी बाहेर पडत नाही. २० जानेवारी १९८५ला इथे उणे २७ फॅरनहाइटची नोंद झाली, तो विक्रम आहे. ३० जानेवारी २०१९ला उणे २३ झालं होतं, म्हणजे आपल्या हिशोबाने उणे ३१ सेल्सियसच्या जवळपास. त्या दिवशी आईने साताऱ्याहून फोन केला आणि विचारलं, “स्वेटर घातलायस ना?” मी हो म्हणालो. खोटं नव्हतं; बाकीच्या पाच थरांच्या खाली स्वेटरही होता.

अशा हवेत फर्नेस बंद पडली तर प्रश्न फक्त कुडकुडण्याचा राहत नाही. काही तासांत भिंतीतले नळ गोठायला लागतात, गोठलेलं पाणी पाइप फोडतं, आणि थंडी ओसरल्यावर छतातून गंगा अवतरते. आणि फर्नेस बंद पडायची ती याच दिवसांत. सगळे म्हणतात, बरोबर कडाक्याच्या रात्रीच कशी हो दगा देते? त्यात गूढ काही नाही. सप्टेंबरमध्ये ती झोपलेली असते. जानेवारीतल्या रात्री ती श्वास न घेता पळत असते, त्यामुळे पडायची ती तेव्हाच. नव्या प्रकारच्या फर्नेसची हवा खेचणारी आणि धूर सोडणारी नळी भिंतीतून बाहेर काढलेली असते; ती बर्फाच्या ढिगात गाडली गेली तरी फर्नेस रुसते. मग गृहस्थ मध्यरात्री फावडं घेऊन घराच्या बाजूला खणताना दिसतो. शेजारी पोलिसांना बोलावत नाहीत, कारण तेही खणतच असतात.

फर्नेस पेटते कशी हे एकदा समजून घेतलं की ती अधूनमधून बंद पडते याचं आश्चर्य वाटेनासं होतं. रोज पेटते याचं वाटू लागतं.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट वरून हाक मारतो. हाक ऐकून लगेच गॅस सुटेल अशी तुमची समजूत असेल तर या यंत्रातलं संशयाचं वातावरण तुम्ही ओळखलेलं नाही. आधी इंड्यूसर नावाचा छोटा पंखा सुरू होतो आणि आतली हवा धुराड्याकडे ओढू लागतो. तो खरोखर ओढतोय की नुसता आवाज करतोय, हे बघायला प्रेशर स्विच नेमलेला. त्याची खात्री पटली की इग्नायटर तापून लालभडक होतो. मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतात. पेटलेले सगळ्यांना दिसतात, तरी फ्लेम सेन्सर नावाची एक सळई ज्योतीत उभी राहून, ज्योतीतून मायक्रोअँपिअरमध्ये मोजण्याइतका सूक्ष्म प्रवाह वाहतो का, हे तपासते. वाहिला तर ठीक, नाहीतर काही सेकंदांत गॅस बंद. एवढ्या सगळ्यांचं एकमेकांशी पटलं तर मोठा ब्लोअर फिरू लागतो आणि घरभर गरम हवा जाते. दिवसातून कितीतरी वेळा ही सगळी मंडळी नव्याने एकमेकांवर अविश्वास दाखवतात आणि नव्याने समेट करतात.

फ्लेम सेन्सरच्या सळईवर हळूहळू एक पातळ थर चढतो. मग समोर ज्योत भडकलेली असतानाही ती म्हणते, ‘ज्योत नाही.’ फर्नेस पेटते, विझते, पेटते, विझते, आणि शेवटी संप पुकारते. आत एक बारीकसा दिवा ठराविक लयीत लुकलुकू लागतो. तीन वेळा लुकलुकला तर एक दोष, चार वेळा तर दुसरा. या लुकलुकीचा अर्थ पत्र्याच्या दाराच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. दार काढलं की सुरक्षेचा स्विच सुटतो आणि दिव्यासकट सगळं बंद होतं. म्हणजे दार लावलं तर दाराच्या छोट्या भोकातून दिवा दिसतो पण अर्थ दिसत नाही, आणि दार काढलं तर अर्थ दिसतो पण दिवा दिसत नाही. आमच्या घरात त्यासाठी नवरा-बायकोची जोडी लागते. एकजण भोकाला डोळा लावून मोजतो आणि दुसरं माणूस ‘नक्की चारच का?’ असं विचारून मोजणी चुकवतं.

मग मेकॅनिक येतो. तो सळई काढतो, स्टील वूलने घासतो, परत बसवतो. पाच मिनिटं. आणि बिल येतं दोनशे डॉलरच्या घरात.

इथे मराठी मनाला पहिला तडा जातो. साताऱ्यात पार्ट महाग आणि माणूस स्वस्त. मिक्सर, पंखा, इस्त्री, छत्री यांना आपल्याकडे मरण नाही. आमच्या घरच्या मिक्सरमध्ये मूळ कंपनीचं काही उरलं असेल तर ते फक्त झाकण. अमेरिकेत पार्ट पंधरा-वीस डॉलरला मिळतो, पण तो पार्ट जागेवर बसवणारा माणूस दारात आला याचेच शंभर-दीडशे डॉलर. तो आत येऊन काही करणार असेल तर ते वेगळे. दुरुस्ती ही काटकसर आहे, या पायावर आपली पिढी उभी राहिली. तो पायाच बेसमेंटमध्ये खचतो. मग पुरुष मंडळी व्हिडिओ बघून स्वतःच सळई घासायला शिकतात आणि मंडळाच्या कार्यक्रमात एकमेकांना स्टील वूलचा नंबर विचारतात. इग्नायटरला मात्र बोट लावायचं नसतं. हाताचं तेल लागलं की तापताना तो तडकतो, असं मेकॅनिक बजावतात. सोवळं काय असतं हे अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला मला फर्नेसपाशी समजावता आलं.

पण सळया आणि इग्नायटर हे पोटदुखीसारखे आजार. खरी पंचाईत होते मोठं काही गेलं की. ब्लोअरची मोटर गेली, कंट्रोल बोर्ड गेला. अंदाज येतो आठशेचा, बाराशेचा, आणि मेकॅनिक पाना पिशवीत टाकता टाकता म्हणतो, “हिचं वय बघता एवढा खर्च करावा का, हे तुम्ही ठरवा.”

ते ठरवण्यासाठी इथे एक सूत्र प्रचलित आहे. फर्नेसचं वय घ्या, त्याला दुरुस्तीच्या खर्चाने गुणा. गुणाकार पाच हजारांच्या वर गेला तर बदला, खाली राहिला तर दुरुस्त करा. सूत्र इतकं सुटसुटीत आहे की ते कोणी, का आणि कशाच्या आधारावर बांधलं हे विचारायची हिंमत होत नाही. वर्षांना डॉलरने गुणल्यावर उत्तर नेमकं कशात येतं? शाळेत आम्हाला एककं न लिहिल्याबद्दल अर्धा मार्क कापायचे. शिवाय महागाई कितीही वाढली तरी पाच हजारांचा आकडा आहे तिथेच. आणि सूत्र शेवटपर्यंत ताणलं तर फारच मजा. काल बसवलेल्या फर्नेसचं वय शून्य, म्हणून तिच्यावर लाख डॉलर खर्च झाले तरी गुणाकार शून्य. खुशाल दुरुस्त करा. उलट पंचवीस वर्षांच्या फर्नेसला दोनशे एक डॉलरची सळई-सफाई निघाली की २५ गुणिले २०१, पाच हजार पंचवीस. गेली भंगारात.

हे मी जेवणाच्या टेबलावर सविस्तर समजावून सांगत होतो. बायको ऐकत होती. मधेच तिने विचारलं, “अहो, तुमच्या गुडघ्याचं त्या फिजिओथेरपीवालीने काय बिल लावलं?”

“नव्वद.”

“आणि तुमचं वय अठ्ठावन्न.”

मुलाने मोबाइल न काढता तोंडी हिशोब केला. “फाइव्ह थाउजंड टू हंड्रेड ट्वेंटी.” त्याचं गणित चांगलं आहे याचा मला त्याआधी अभिमान वाटत असे.

फर्नेस बदलायला लावणारं दुसरं शस्त्र कार्यक्षमतेचं. फर्नेसच्या अंगावर एएफयूई नावाचा टक्क्यांतला एक आकडा छापलेला असतो. ऐंशी टक्के म्हणजे शंभर डॉलरचा गॅस जाळला तर ऐंशीची ऊब घरात आणि वीसची ऊब शिकागोच्या आकाशाला दान. नव्या कंडेन्सिंग फर्नेसचा आकडा पंचाण्णवच्या आसपास असतो. ती धुरातल्या वाफेचंसुद्धा पाणी करून तिची उष्णता काढून घेते, म्हणून तिच्यातून किंचित आंबट पाणी ठिबकत राहतं आणि धूर इतका थंड होतो की प्लास्टिकच्या नळीतून बाहेर सोडता येतो. अशी कंजुषी करणारं यंत्र बघून आमच्या सासरेबुवांना भरून आलं होतं.

विक्रेता म्हणतो, पंधरा टक्के वाचतात. आपण कागद घेतो. वर्षाला हीटिंगच्या गॅसचे हजार डॉलर जात असतील तर ऐंशीवरून पंचाण्णववर गेल्यावर वाचतात सुमारे एकशे अठ्ठावन्न. नव्या फर्नेसचे बसवण्यासकट सहा हजार धरा. भागाकार केला तर अडतीस वर्षांनी पैसे वसूल. फर्नेसचं आयुष्य पंधरा ते वीस वर्षं. म्हणजे पहिल्या फर्नेसचे पैसे वसूल व्हायच्या आत दुसरी घ्यायला लागणार, आणि वसुली पूर्ण होईल तेव्हा मी शहाण्णव वर्षांचा असेन. अर्थात जुनी मेलीच असेल तर हा हिशोब लागू नाही. मग फक्त साधी नवी आणि काटकसरी नवी यांच्या किमतींतला फरक मोजायचा, आणि तेव्हा काटकसरी बऱ्याचदा परवडते. चालू फर्नेस निव्वळ बचतीसाठी काढून टाकणारा माणूस मात्र बचत सोडून दुसऱ्याच कशाच्या तरी शोधात असतो.

ते दुसरं काय, हे मंडळाच्या संक्रांतीला कळतं. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ साली शिकागोत झाली, त्यामुळे संस्थात्मक मतभेदांची परंपरा आमच्याकडे जुनी आहे. संक्रांत जानेवारीत येते, म्हणजे फर्नेसच्या भर हंगामात. तिळगूळ घेऊन गोड बोलायचं असतं, पण हॉलमध्ये दोन तट स्पष्ट दिसतात.

दुरुस्तीवाल्यांचे म्होरके आमचे एक माजी अध्यक्ष. त्यांची फर्नेस १९९२ची. त्याच वर्षी सरकारने नव्या घरगुती फर्नेसना किमान ७८ टक्के कार्यक्षमतेची अट लागू केली, आणि आपली फर्नेस त्या अटीच्या आधी तयार झाली की नंतर, यावर ते कितीही वेळ बोलू शकतात. त्यांच्या गॅरेजमध्ये सुटे इग्नायटर, कपॅसिटर आणि प्रेशर स्विच नाव लिहिलेल्या श्रीखंडाच्या डब्यांतून ठेवलेले आहेत. कोणाची फर्नेस बदलली गेली असं कळलं की ते विचारतात, “जुनीचा ब्लोअर कुठे टाकला?”

बदलवाल्यांचं नेतृत्व एका डॉक्टर दांपत्याकडे. त्यांनी बारा वर्षांची, ठणठणीत फर्नेस ‘मनःशांतीसाठी’ काढून नवी बसवली. नव्या फर्नेसचा बोर्ड तिसऱ्या हिवाळ्यात गेला. वॉरंटीत पार्ट फुकट मिळाला, मजुरीचे पैसे पडले, आणि पार्ट येईपर्यंत ते नातेवाइकांकडे राहिले. हे ते कोणाला सांगत नाहीत. माजी अध्यक्ष सांगतात. उलट माजी अध्यक्षांच्या घरी जानेवारीत जेवायला बोलावलं की लोक थर्मल घालून जातात, हे डॉक्टरीणबाई सांगतात. दोघांचंही खरं आहे. जुन्या फर्नेसमध्ये बिघडायला कमी गोष्टी होत्या, नव्या कमी गॅस खातात. यावर मतैक्य होऊ शकतं, पण मग संध्याकाळभर बोलायचं कशावर?

आईचं म्हणणं वेगळंच. तिला मी फर्नेसचा हीट एक्स्चेंजर म्हणजे काय ते फोनवर सांगत होतो. आत आग, बाहेरून हवा, दोघांच्या मधे पत्रा. आगीची ऊब हवेला लागते पण धूर लागत नाही.

“म्हणजे बंब,” आई म्हणाली.

हुबेहूब बंब. तांब्याच्या बंबात मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी. आमचा बंब पुण्याच्या तांबट आळीतून आजोबांनी आणलेला. त्याला आईच्या देखत कितीतरी वेळा डाग देऊन आणला होता, आणि गॅस गीझर आल्यावरही तो कोणी मोडीत घातला नाही. “नळकांडं गेलं तर डाग द्यायचा. त्यात ठरवायचंय काय एवढं?”

पण बंब प्रामाणिक. नळकांड्याला भोक पडलं की पाणी विस्तवावर पडतं, फुस्स होतं, राखेचा चिखल होतो आणि सगळ्या वाड्याला कळतं. फर्नेसच्या पत्र्याला चीर गेली तर बाहेर येऊ शकतो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला डोकं दुखतंय, झोप येतेय असं वाटतं आणि तो झोपतो. इथे विनोद संपतो. इलिनॉयमध्ये २००७पासून झोपायच्या प्रत्येक खोलीच्या पंधरा फुटांच्या आत त्याचा अलार्म लावणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि तो वाजला तर सूत्रं-गुणाकार सोडून सगळ्यांनी आधी घराबाहेर पडायचं, मग बाहेरून फोन करायचा. चिरलेल्या एक्स्चेंजरला डाग देत नाहीत. तो भाग बदलायचा म्हटलं तर मजुरीतच निम्मी फर्नेस येते.

‘चीर’ हा शब्द ऐकला की कोणीही घाबरतो, हे विक्रेत्यांनाही ठाऊक असतं. एका वर्षी एक गृहस्थ आमची फर्नेस साफ करायला आले आणि पाच मिनिटांत दुःखी चेहरा करून वर आले. चीर आहे म्हणाले. आज सही केली तर बाराशे डॉलरची सूट, उद्यापासून नाही.

“दाखवा,” बायको म्हणाली.

“ती अशी दिसत नाही, मॅडम. आम्हाला अनुभवाने कळते.”

बायको चाळीस वर्षं भाजीवाल्यांशी आणि सोनारांशी बोलत आलेली आहे. तिने त्यांना चहा दिला आणि जाऊ दिलं. दुसऱ्या दुकानाचा माणूस नळीच्या टोकाला बसवलेला कॅमेरा घेऊन आला, तो आत घातला आणि पडद्यावर सगळं दाखवलं. गंज होता, चीर नव्हती. माजी अध्यक्षांनी ही बातमी पुढच्या बैठकीत इतर विषय म्हणून मांडली.

नंतरच्या एका ऑक्टोबरमध्ये त्याच माणसाने त्याच कॅमेऱ्याने पडद्यावर एक बारीक काळी रेष दाखवली. बोट ठेवून दाखवली, मोठी करून दाखवली. मग त्याने गॅस बंद केला, फर्नेसला लाल चिठ्ठी बांधली आणि टोपी सारखी केली. इतकी वर्षं जे सूत्राने, टक्क्यांनी आणि मंडळाने ठरलं नाही, ते ठरलं.

मग घरी दरपत्रकवाले यायला लागले. यांना आता विक्रेते म्हणत नाहीत, ‘कम्फर्ट अॅडव्हायझर’ म्हणतात. ते डायनिंग टेबलावर बसतात, टॅबलेट उघडतात आणि ‘तुमच्या कुटुंबासाठी कम्फर्ट म्हणजे काय?’ असं विचारतात. असा प्रश्न मला लग्नानंतर कोणी विचारला नव्हता. मग ते तीन पर्याय दाखवतात : साधा, बरा आणि सर्वोत्तम. साध्याबद्दल ते इतक्या सहानुभूतीने बोलतात की तो घेणाऱ्याला आपण मुलांना उपाशी ठेवतोय असं वाटावं. सर्वोत्तम फर्नेस ज्योत हळूहळू कमी-जास्त करते, ब्लोअर कुजबुजतो, आणि तिच्या दुरुस्तीचे पार्ट काय भावाने येतात हे टॅबलेटवर कुठेच नसतं.

यात चांगला माणूस ओळखायची खूण एकच. जो माणूस जुन्या फर्नेसचं लेबल बघून ‘एक लाख बीटीयू, तेवढीच देतो’ म्हणतो, त्याला चहा देऊन जाऊ द्यावं. जो खिडक्या मोजतो, छताचं इन्सुलेशन विचारतो आणि मॅन्युअल जे नावाचा हिशोब करतो, त्याला चहाबरोबर चिवडाही द्यावा. एक बीटीयू म्हणजे एक पौंड पाणी एका फॅरनहाइट अंशाने तापवायला लागणारी उष्णता. लाकडी काडेपेटीची एक काडी पूर्ण जाळली की साधारण तेवढी मिळते. एक लाख बीटीयूची फर्नेस म्हणजे ताशी एक लाख काड्या. मधल्या वर्षांत आम्ही खिडक्या बदलल्या होत्या, छतात कापूस भरला होता. हिशोबात साठ हजार काड्यांवर भागलं. जास्त मोठी घेतली असती तर ती भसकन पेटून, घर तापवून, झटकन विझली असती आणि दिवसभर हेच करत बसली असती. तिच्यातल्या त्या संशयी मंडळींना दुप्पट वेळा एकमेकांवर अविश्वास दाखवावा लागला असता.

अॅडव्हायझर फर्नेसबरोबर आणखी दोन गोष्टी विकतो. एक, बाहेरचा एसी. ‘फर्नेस बदलतोच आहात तर...’ असं सुरू होतं, आणि जुन्या एसीतला आर-२२ वायू अमेरिकेत २०२०पासून नव्याने बनवायला आणि आयात करायला बंदी आहे, हे तो खेदाने सांगतो. माहिती खरी आहे. खेद कितपत खरा, ते सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट, वायफायवाला थर्मोस्टॅट. खोलीतल्या विजेच्या थर्मोस्टॅटचा जनक वॉरन जॉन्सन विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या शिक्षक-महाविद्यालयात प्राध्यापक होता. वर्ग किती गार आहे हे बघायला शिपाई तासाच्या मधे आत यायचा, आणि मग खाली जाऊन भट्टीची झडप हलवायचा. या व्यत्ययाला कंटाळून जॉन्सनने विजेवर चालणारा थर्मोस्टॅट तयार केला आणि १८८३मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बिचाऱ्याला वाटलं, आता तापमानावरून कोणी मधे बोलणार नाही. आमच्या घरी मी ६८वर ठेवतो, बायको ७२ करते, मुलगा फोनवरून ७४ करतो आणि वर स्वतः अर्ध्या बाह्यांच्या शर्टात हिंडतो. १९७७च्या फेब्रुवारीत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वेटर घालून टीव्हीवरून देशाला विनंती केली होती की थर्मोस्टॅट दिवसा ६५ आणि रात्री ५५वर ठेवा. मी हा दाखला घरात दिला. बायको म्हणाली, “आणि पुढच्या निवडणुकीत काय झालं त्यांचं?”

मग तीही फर्नेसच्या इतिहासात शिरली. गॅसवर चालणाऱ्या घरगुती हीटिंगचं एक महत्त्वाचं पेटंट १९१९ साली न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या अॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय बाईने घेतलं होतं. वेगवेगळ्या खोल्यांना वेगवेगळी ऊब, अशी तिची कल्पना. “बघा,” बायको म्हणाली, “गारठली असणार ती. नवऱ्याने ६८वर ठेवला असेल.”

फर्नेस बसली. दोन माणसांनी एका दिवसात जुनी बाहेर काढली, नवी उभी केली, भिंतीला भोकं पाडून पांढऱ्या नळ्या बाहेर नेल्या, आंबट पाण्याची नळी मोरीत सोडली. वॉरंटीची नोंदणी ठरलेल्या मुदतीत केली नाही तर वर्षं कमी होतात, म्हणून मुलाने तिथेच उभ्या उभ्या ती केली. माजी अध्यक्ष जुनीचा ब्लोअर न्यायला स्वतः आले, बरोबर पुतण्याला आणि पिकअप ट्रक घेऊन. ब्लोअर ट्रकमध्ये चढवताना त्यांनी नव्या फर्नेसकडे न बघायची काळजी घेतली.

सगळं आवरल्यावर मुख्य कारागीर वॉटर हीटरपाशी घुटमळू लागला. इतकी वर्षं फर्नेस आणि वॉटर हीटर यांचा धूर एकाच विटांच्या चिमणीतून जायचा. आता फर्नेस भिंतीतून वेगळी बाहेर पडली आणि एवढ्या रुंद चिमणीत एकटा वॉटर हीटर उरला. त्याच्या एकट्याच्या धुराने चिमणी तापत नाही, धूर वर चढायच्या आधीच थंडावतो, आतून ओल धरते. या धंद्यात अशा हीटरला चक्क ‘ऑर्फन’ म्हणतात.

“अनाथ?” आई व्हिडिओ कॉलवर होती. “अरेरे. मग त्याचं काय करतात?”

चिमणीच्या आत पत्र्याची बारीक नळी सोडावी लागते, कारागीर म्हणाला. साधारण नऊशे डॉलर. किंवा मग वॉटर हीटरच नवा घ्यायचा. त्याने टॉर्चचा उजेड लेबलावर टाकला आणि सिरियल नंबर वाचू लागला. “चौदा वर्षांचा दिसतोय.”

बायकोने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. मी गुडघा चोळत होतो, तो हात हळूच खिशात घातला.